रसग्रहणाचे गुण कोण देणार?



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा संपादक मंडळाला वाटले असेल, ही संगणकावर लिहील. संगणक येईल, पण शेवटी. आधी मराठीच्या पेपरातला तो प्रश्न आठवा, जो आपण सगळ्यांत शेवटी सोडवायचो: ‘कवितेचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.’ सात-आठ ओळींचे उत्तर. बाजारात गाईड मिळायचे, त्यात आशय तयार असायचा, आणि ‘तुमच्या शब्दांत’ हे दोन शब्द प्रश्नातच राहून जायचे. हा प्रश्न आला कुठून आणि त्याला गुण कसे देत आले, याचा मी थोडा शोध घेतला. तोच इथे मांडते.

मराठी शाळेत कविता आली ती मोठ्या प्रमाणात ‘नवनीत’मुळे. परशुराम बल्लाळ गोडबोले यांनी जुन्या कवींच्या वेच्यांचा हा संग्रह १८५४ मध्ये काढला. त्या काळी कविता शिकणे म्हणजे पाठांतर, शब्दार्थ आणि अन्वय. हे तपासणे सोपे होते. अन्वय बरोबर असतो किंवा चूक असतो. मुलाला कविता कशी वाटली, हे विचारायची पद्धतच नव्हती.

त्याच सुमारास नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. आपला भंडारा जिल्हा पुढे मध्यप्रांतात गेला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. आपल्या आजोबांचे मॅट्रिक आणि आपली दहावी वेगवेगळ्या सरकारांच्या हाताखाली झाली, ती यामुळे. १९६७ मध्ये पुण्यात बालभारती स्थापन झाली. त्यानंतर लाखांदूरच्या आणि रत्नागिरीच्या मुलाच्या दप्तरात एकच मराठीचे पुस्तक आले.

पुस्तक एक झाले, तरी तपासणारे हात अनेक. ही अडचण जगभर जुनी आहे. ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि १९२९ च्या शिक्षणविषयक हार्टोग समितीचे अध्यक्ष सर फिलिप हार्टोग यांनी इंग्लंडमध्ये तिचा छडा लावला. १९३५ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातल्या एका प्रयोगात इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका परीक्षकांनी तपासल्या. वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्यांच्यापैकी १४ जणांनी पुन्हा तपासल्या. म्हणजे एकूण २१० निकाल. त्यांपैकी ९२ वेळा परीक्षकाचा निकालच बदलला. उत्तरपत्रिका तीच, माणूसही तोच! इतिहासाची ही गत, तर कवितेवरच्या परिच्छेदाचे काय होत असेल?

यावर आपल्या मंडळाने जो उपाय केला तो आपल्यापैकी शिक्षक झालेल्यांना ठाऊक आहे. नमुना उत्तरे ठरतात. परीक्षकाने तपासलेले नियामक पाहतात, त्यांच्यावर मुख्य नियामक असतात. उत्तराचेही भाग पाडले जातात. नववी-दहावीच्या २०१७ आणि २०१८ च्या नव्या ‘कुमारभारती’त रसग्रहणाचे मुद्दे ठरवून दिले आहेत: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. यात न्याय आहे, हे मी मनापासून मानते. ज्या मुलीच्या घरी कोणी कविता वाचत नाही, तिला निदान कुठे पाहायचे ते कळते. पण मुद्दे ठरले की गाईडवाल्यांचेही काम सोपे होते. कोणत्याही कवितेला चालेल असा परिच्छेद तयार होतो, फक्त कवीचे नाव बदलायचे.

सहावी ते आठवीच्या वर्गांत वेगळा प्रयत्न झाला. शिक्षण हक्क कायद्यानंतर २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. सातवी-आठवीत ४० टक्के भार आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्षभराच्या निरीक्षणाला मिळाला, आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद ठेवायची ठरली. कल्पना फार चांगली होती. पण एका शिक्षकाकडे किती वर्ग, किती रजिस्टरे! थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या. मुलांचे उत्तर गाईडातून आणि गुरुजींची नोंद पुस्तिकेतून. दोघांनाही वेळ नव्हता, दोष कोणा एकाचा नाही.

आपल्या भागात याला आणखी एक पदर आहे. झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले, म्हणून आज तिच्याकडे आदराने पाहिले जाते. आता समजा, पावसाच्या कवितेवर सातवीतल्या मुलीने लिहिले, ‘पानी आला नाही तं पऱ्हे वाळतेत, मंग रोवना होत नाही, म्हनून कवी पान्याची वाट पाहते.’ शुद्धलेखनाच्या नजरेने पाहिले तर ओळभर लाल शाई. आशयाच्या नजरेने पाहिले तर या मुलीला कविता कळली आहे. तिने ती आपल्या बांधीत उभी राहून वाचली आहे. ‘तुमच्या शब्दांत’ म्हणजे याहून वेगळे काय असते? प्रमाण भाषा तिला शिकवलीच पाहिजे, पुढे तिला ती लागणार आहे. पण आशयाचे गुण वेगळे आणि लेखनाचे वेगळे, एवढे तरी व्हावे.

आता संगणक. जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या आपल्या वर्गातल्या एका मित्राने मला विचारले, ‘कवितेची उत्तरे तपासणारे ॲप होईल का गं?’ होईल. कल्पना नवी नाही. अमेरिकेत एलिस पेज यांनी १९६६ मध्येच संगणकाकडून निबंध तपासण्याची पद्धत मांडली. त्यांचे यंत्र निबंधाची लांबी, स्वल्पविराम, अनोळखी शब्द असल्या खुणा मोजायचे, आणि त्याचे गुण माणसांच्या गुणांच्या बरेच जवळ जायचे. आजची यंत्रे फार पुढे गेली आहेत. पण यंत्र ज्या उत्तरांवरून शिकते, तशीच उत्तरे त्याला चांगली वाटतात. त्याला गाईडातली उत्तरे शिकवली तर ते गाईडालाच पैकीच्या पैकी देईल, आणि पऱ्हे वाळण्याची काळजी करणारी मुलगी मागे पडेल. शुद्धलेखन दाखवणे, एकसारखी उत्तरे वेगळी काढणे ही कामे मी यंत्राला आनंदाने देईन. त्यातून वाचलेला वेळ गुरुजींनी त्या सात-आठ ओळी वाचण्यात घालवावा. मित्राला मी हेच सांगितले.

एक विनंती करून थांबते. आपल्या शाळेच्या मराठीच्या शिक्षकांनी सहामाहीनंतर सातवीची दहा उत्तरे नावे झाकून काढावीत. तीन जणांनी एकमेकांचे गुण न पाहता ती तपासावीत. मग तासभर बसून, जिथे गुण जुळले नाहीत, तिथे का जुळले नाहीत ते बोलावे. आपल्या निवृत्त सर-मॅडमना त्या दिवशी बोलवावे. खर्च फक्त झेरॉक्सचा आणि चहाचा. तो माझ्याकडे लागला.