घारापुरीची हरवलेली पाटी

गेल्या रविवारी घारापुरीला जाऊन आलो. मुंबईत इतकी वर्षं नोकरी करून एलिफंटा न पाहिलेला मी एकटाच नसणार! गेटवेवरून लाँच, तासाभराचा प्रवास, धक्क्यावरून खेळण्यातली वाटावी अशी गाडी, मग शंभरावर पायऱ्या आणि हातातली काकडी पळवणारी माकडं. (सोमवारी लेणी बंद असतात, लक्षात ठेवा.)

त्रिमूर्तीसमोर उभा राहिलो. जवळपास वीस फूट उंच, डोंगरातच कोरलेली. डोक्यात पहिला प्रश्न आला तो टिपिकल इंजिनियरचा: हे केलं कोणी? कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणजे, लिहिलेलं होतं. १५३४ साली वसईबरोबर हा भाग पोर्तुगीजांच्या हातात गेला, तेव्हा लेण्याच्या दारावर एक शिलालेख होता. त्यांचाच इतिहासकार दियोगो दो कौतो सांगतो की गव्हर्नरने तो वाचणारा हिंदू किंवा मुसलमान शोधला, एकही मिळाला नाही. मग दगड पोर्तुगालला राजाकडे गेला. तिसऱ्या जुआंवलाही वाचणारा सापडला नाही आणि कौतोच्या काळातच दगडाचा पत्ता नव्हता. प्रिन्सेपने ब्राह्मीचं कोडं सोडवलं ते १८३७ मध्ये. तीनशे वर्षं उशीर!

आता अभ्यासक अंदाज बांधतात. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, शैली सहाव्या शतकाची, म्हणून बहुतेक कलचुरी. सोर्स कोड आहे, लिहिणाऱ्याचं नाव उडालंय.

बेटाला एलिफंटा नाव देणारा दगडी हत्तीही १८६४ मध्ये इंग्लंडला निघाला होता. उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले. जोडलेला हत्ती आज भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. म्हणून वाचला म्हणायचं.

मला राहून राहून गाव आठवत होतं. मी वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूर जैनचा. आमच्याकडे बरोबर उलटं. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या एका मूर्तीवरून दिगंबर-श्वेतांबर वाद १९२९ मध्ये थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडलं. लहानपणी मी दर्शन घेतलं ते झरोक्यातून. एका मूर्तीमागे कागदांचे गठ्ठे, आणि इथे अख्ख्या डोंगराला एक ओळ नाही.

परतीच्या लाँचवरून घरी फोन लावला. सगळं ऐकून बाबांनी विचारलं, "मंग तो दगड आता कोठी आहे?"

म्हटलं, बाबा, तेच तर.