अलिबागचा दाखला अंबरनाथला लागू नाही

उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात नाजूक चुंबकीय मोजमापाची प्रयोगशाळा काढायचा विषय निघाला, की ठरलेलं उत्तर येतं: शेजारून लोकल धावते, एमआयडीसीत मोटारी घुमतात, तिथे कसलं आलंय मोजमाप! या मताच्या पाठीशी इतिहास आहे, हे मान्य. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. मुंबईच्या ट्राम विजेवर जाणार म्हटल्यावर वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी हे काम अलिबागला हलवलं आणि १९०४ ते १९०६ दोन्हीकडे नोंदी घेऊन दुवा सांधला. निर्णय अचूक होता. त्यावरून लोकांनी बांधलेला नियम चुकीचा आहे.

अलिबागला टिपायचे असतात चाळीस हजारांवर नॅनोटेस्लाच्या क्षेत्रातले काही नॅनोटेस्लांचे संथ चढउतार. इथल्या प्रयोगशाळेत तपासायच्या पातळ चुंबकीय थराचं प्रकरण वेगळं. यट्रियम-लोह गार्नेटच्या थरात स्पिनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या अंगभूत चुंबकत्वाच्या, लाटा सेकंदाला अब्जावधी वेळा डोलतात. त्या टिपायला हिऱ्यातली खोट वापरतात: एका कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि त्याला लागून एक रिकामी जागा. हिरवा लेसर पडला की ही खोट लाल उजळते, आणि तिच्या स्पिनच्या अवस्थेप्रमाणे तो उजेड कमी-जास्त होतो. बाहेरचं क्षेत्र नसताना तिची वारंवारता २.८७ गिगाहर्ट्झ. तिच्याशी जुळणारी चुंबकीय खळबळ थरातून आली की स्पिन लवकर ढळतो; किती लवकर, हेच मोजायचं. लोकलची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे कोट्यवधी पट संथ. तिने हा स्पिन असा ढळत नाही. मोबाइल-वायफायच्या लहरी जवळच्या वारंवारतेच्या खऱ्या, पण त्या तांब्याच्या पेटीनेही अडतात.

स्थिर क्षेत्र मोजताना काय, असं पूर्वपक्षी विचारेल. प्रश्न रास्त आहे. कल्याण-कर्जत मार्गावर आता जुना १,५०० व्होल्टचा डीसी नाही, २५,००० व्होल्टचा एसी आहे; तेवढ्याच शक्तीला प्रवाह जवळपास सतरा पट कमी लागतो. गाडी १५० अँपिअर ओढते आणि परतीचा प्रवाह काहीच खोडून काढत नाही, असं त्याच्या बाजूने धरलं तरी शंभर मीटरवर क्षेत्र भरतं ०.३ मायक्रोटेस्ला. एका मायक्रोटेस्लाला खोटीची रेषा, म्हणजे तिची वारंवारता, २८ किलोहर्ट्झ सरकते, म्हणजे इथे साडेआठच्या आत. साध्या हिऱ्यात ती रेषाच शेकडो किलोहर्ट्झ रुंद असते!

पवई काही निर्जन बेट नाही. तिथे आयआयटी मुंबईत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट याच खोटींवर काम करतो, आणि २०२४ मध्ये टीसीएसने चिपमधली चुंबकीय क्षेत्रं दाखवणारं हिऱ्याचं उपकरण त्यांच्यासोबत घडवण्याचं जाहीर केलं. अंबरनाथला तर डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आधीपासून आहे.

अडचणी आहेत, पण त्या चुंबकीय नव्हेत. हिऱ्याचं टोक थरावरून काही दहा नॅनोमीटर उंचीवर फिरवायचं, तर शेजारचा प्रेस घाव घालतो तेव्हा हादरा बसणारच. तिथे तरंगतं टेबल हवं. हिऱ्याची चकतीच थरावर दाबून बसवली, तर दोघं एकत्र हलतात आणि त्रास बराच ओसरतो. तापमानाचं जड जातं. अंशभर फरकाला रेषा ७४ किलोहर्ट्झ सरकते, लोकलच्या जवळपास नऊ पट. क्षेत्राने रेषा दुभंगून दोन रेषा एकमेकींपासून लांब जातात, उष्णतेने दोन्ही एकाच दिशेला सरकतात, म्हणून दोन्ही रेषा मोजल्या तर हिशेब सुटा करता येतो. पण त्यात वेळ जातो. बदलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपारही जातो. तेव्हा जागा शोधणाऱ्याने रुळापासूनचं अंतर नंतर मोजावं, आधी वातानुकूलन यंत्राला अखंड वीज मिळते का ते विचारावं.