सर्पगंधा, खाजकुइली आणि कंपवात

'कंपवात' या संज्ञेचे घटक दोन: 'कंप' हे लक्षण आणि 'वात' हे कल्पिलेले कारण. रोगाचे नाव हा पुष्कळदा जुन्या निदानाचा अवशेष असतो. विसाव्या शतकात कारणाची कल्पना पालटली, शब्द मात्र राहिला. हा पालट घडविण्यात आपल्याकडील दोन वनस्पतींचा वाटा आहे. त्याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

पहिली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर तिचा प्रयोग करून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९५२ मध्ये बाझेल येथे तिच्यातील रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते मनोविकारांवरही दिले जाऊ लागले, तेव्हा काही रोग्यांत कंपवातासारखा ताठरपणा व मंदपणा आढळला. औषधाने उत्पन्न केलेला हा विकारच मूळ विकाराच्या उलगड्यास कारण झाला.

स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी १९५७ साली दाखविले की, रेसरपीनने निश्चल झालेले प्राणी डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात. डोपापासून मेंदूत डोपामीन बनते. चेतापेशींमधील संदेश वाहून नेणारे ते रसायन होय. रेसरपीनमुळे पेशींना त्याचा साठा करता येत नाही. १९६० साली व्हिएन्ना येथे एहरिंगर व हॉर्निकिएविच यांनी मृत कंपवातग्रस्तांच्या मेंदूत, हालचालींचे नियमन करणाऱ्या भागात, डोपामीनचाच तुटवडा दाखवून दिला.

दुसरी वनस्पती खाजकुइली. ठाणे-कल्याणकडील डोंगरउतारांवरून जाणारा मनुष्य तिच्या खाजऱ्या शेंगांपासून अंग चोरून चालतो. तिच्या बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच मद्रास येथे डोपा वेगळा काढला होता. तुटवडा उमगण्यापूर्वी सुमारे दोन तपे त्यावरील द्रव्य हाती होते!

हा तोल दोन्हीकडे ढळतो. डोपा दीर्घकाळ घेणाऱ्या अनेकांच्या अंगात अनैच्छिक वळवळ सुरू होते. उलट, हंटिंग्टनच्या विकारातील अनावर हालचाली आवरणारे टेट्राबेनाझीन हे डोपामीनचा साठाच घटविते.

भाषेच्या अभ्यासकास यातून एक गोष्ट जाणवते. 'वात' निरुपद्रवी ठरला. दिशाभूल करतो तो 'कंप'. कित्येक रोग्यांत कंप नसतोच. ठाण्या-डोंबिवलीतील एखाद्या घरी आजोबांचा हात कापत नाही, केवळ पाऊल अडखळते व अक्षर बारीक होत जाते. तेव्हा 'कंपवात' हा शब्द कोणास सुचत नाही, आणि वैद्याकडे जाणे लांबते.