प्लॉट घेताय? आधी माती अन् पाण्याची वाट पाहा

सडक अर्जुनी : उन्हाळ्यात बांधी कोरडी असते, जमीन मैदानासारखी दिसते. सौदे याच दिवसांत होतात. इसार देऊन मोकळे झालो की जुलैत त्याच जागेत गुडघाभर पाणी उभे राहते. राष्ट्रीय महामार्ग ५३ लगत किंवा गावाशेजारी धानाच्या बांधीत घर, दुकान बांधायचे असेल तर खालील गोष्टी आधी तपासा.

माती कोणती?
आपल्याकडे बरडी, सिहार, मोरांड, कन्हार अशी मातीची नावे चालतात. बरडी मुरमाड व उंचावरची. पिकाला हलकी, पण पायव्याला चांगली. कन्हार काळी व भारी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा मातीत उथळ पायवा घेतला तर भिंती तडकतात. पायवा खाली कडक मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो, खर्च वाढतो. शिवाय दरवर्षीच्या चिखलणीने बांधीचा तळ घट्ट झालेला असतो, पाणी लवकर मुरत नाही. धानाला हे चांगले, घराला नाही.

खड्डा करून पाहा
मालकाला विचारून दोन-तीन ठिकाणी दीड-दोन फूट खड्डा करा. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल तर शौचालयाचा शोषखड्डा तिथे नीट चालणार नाही. पावसाळ्यात तो भरून वर येईल.

पाणी कुठून येते, कुठे जाते?
जागा तलावाच्या खाली आहे काय, सलंगाचे पाणी कोणत्या बाजूने निघते, हे बघा. चुलबंद नदी किंवा नाला जवळ असेल तर पूर कुठवर चढतो ते शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. अतिवृष्टीच्या पंचनाम्यात तो गट आला होता काय, याची तलाठ्याकडे चौकशी करा. शक्य असेल तर रोवणीच्या दिवसांत एकदा जागा पाहूनच व्यवहार करा.

कागदावर काय आहे?
सातबाऱ्यावर पोटखराब क्षेत्र किती, ते वाचा. पोटखराब वर्ग 'ब' मध्ये नाला, रस्ता, तलाव अशी सार्वजनिक वापराची जागा येते. गाव नकाशावर नाला दिसतो काय, तेही पाहा. हद्दीची शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

भरण टाकण्याआधी
२,००० चौरस फुटांचा प्लॉट ३ फूट उंच करायला ६,००० घनफूट म्हणजे ६० ब्रास मुरूम लागतो. दाबल्यावर तो बसतो, म्हणून जास्तच धरा. हा खर्च जमिनीच्या भावात मिळवूनच बोली करा.

भरण टाकून वरच्या बांधीचे पाणी अडवले तर शेजाऱ्याचे धान बुडते. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. म्हणून घेणाऱ्याने पाण्याला वाट सोडूनच भरण टाकावे, अन् शेजाऱ्यानेही वेळेत अर्ज करावा.