मुंगसाची वंशावळ

इंग्रजीतील 'मंगूस' हा शब्द मराठीने दिला, असे आपण अभिमानाने सांगतो. आजचे कोशकारही तेच म्हणतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत अवतरतो. 'गूस' या पक्षिनामाशी त्याचा संबंध केवळ शेवटच्या अक्षरांपुरता. म्हणून रूढ अनेकवचन 'मंगूसेस'.

आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न. संस्कृत 'नकुल'पासून हिंदीत 'नेवला' आला. मराठी 'मुंगूस' मात्र त्या कुळातला नव्हे. कन्नड 'मुंगुसि', तेलुगू 'मुंगिस' शेजारी ठेवावेत, नाते उघड होते. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन'ने तर शब्द तेलुगूच ठरवला आणि मराठी-दखनी रूप जर्डनच्या हवाल्याने मागाहून नोंदवले. तत्सम-तद्भव उरकले की उरलेले सारे 'देशी' म्हणून एकाच पोत्यात कोंबण्याची आमच्या व्याकरणकारांची जुनी खोड. हा शब्दही त्याच पोत्यातला.