विधानसभेचा आमदार, विधानसभेवरच मोर्चा

नोव्हेंबर २०१४. नव्या महाराष्ट्र विधानसभेत आमदारांना शपथ देण्यासाठी हंगामी अध्यक्षांच्या आसनावर जीवा पांडू गावित बसले होते. सभागृहात त्यांच्या पक्षाचे, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, ते एकमेव सदस्य. चार वर्षांच्या आतच हा आमदार हजारो आदिवासी शेतकऱ्यांसह त्याच सभागृहाच्या दिशेने पायी निघाला. सभागृहात स्वतःचे आसन असताना त्याला रस्त्यावर का यावे लागले?

उत्तर सुरगाण्याच्या डोंगरात आहे. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, गुजरातच्या सीमेलगत वसलेला हा तालुका. स्वातंत्र्यापूर्वीचे एक छोटे संस्थान. येथील असंख्य कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत आली, ती सरकारी दप्तरात ‘वन’ म्हणून नोंदलेली. ब्रिटिशांच्या १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांच्या चौकटीत कसणारा माणूस ‘अतिक्रमणदार’ ठरला. नांगर त्याचा, सातबारा मात्र वनखात्याचा!

या प्रश्नावर संघटना बांधण्याची परंपरा शेजारच्या ठाणे जिल्ह्यात १९४५ च्या वारली उठावापासून चालत आली होती. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेचा तो वारसा. गावित १९७८ मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत सोलापुरातून नरसय्या आडम याच पक्षातर्फे निवडून आले होते. एकीकडे विडी-यंत्रमाग कामगारांचे शहर, दुसरीकडे जंगलपट्टी. एकाच झेंड्याखालची ही दोन अगदी भिन्न जगे. गावितांनी एकूण सात वेळा आमदारकी मिळवली.

राखीव मतदारसंघाचे एक वैशिष्ट्य येथे ध्यानात घ्यावे. सारेच उमेदवार आदिवासी असल्याने ‘आपला माणूस’ एवढ्यावर निवडणूक संपत नाही. कोणाचे राजकारण, हा प्रश्न उरतोच. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत सुरगाणा कळवणला जोडला गेला आणि गावितांची गाठ ए. टी. पवार यांच्या घराण्याशी पडली. २००९ मध्ये पवारांनी त्यांना हरवले, २०१४ मध्ये गावितांनी पवारांना. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीतून पवारांच्या स्नुषा भारती पवार जिंकल्या, तर विधानसभेला पुत्र नितीन पवार. दोन्ही वेळा पराभूत गावितच.

दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकणार होता. दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून व्हायची. पुढे उपविभागीय आणि जिल्हा समिती. गावातील वृद्धांचा जबाबही नियमांनी पुरावा मानला. ज्यांच्या पूर्वजांना कधी कागदच मिळाला नाही, त्यांच्यासाठी ही तरतूद मोलाची होती. तरीही दावे वर्षानुवर्षे प्रलंबित राहिले, अनेक फेटाळले गेले.

त्यातूनच ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून किसान सभेचा लाँग मार्च निघाला. सुमारे १८० किलोमीटरची वाट आणि मार्चचे ऊन. किती माणसे होती, याचे अंदाज तीस ते पन्नास हजार असे वेगवेगळे आहेत. ११ मार्चला मोर्चा मुंबईत पोहोचला. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. विद्यार्थ्यांची अडचण होऊ नये म्हणून थकलेले मोर्चेकरी रात्रीच सोमय्या मैदानावरून आझाद मैदानाकडे चालत गेले. मुंबईकरांच्या मनात घर केले ते घोषणांपेक्षा या निर्णयाने. १२ तारखेला देवेंद्र फडणवीस सरकारने लेखी आश्वासन दिले: वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला आणि नव्या लेखी आश्वासनावर थांबला. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून तिसरा निघाला. या वेळी गावित आमदार नव्हते, नेतृत्व मात्र त्यांचेच. मुंबईला न पोहोचता तो ठाणे जिल्ह्यातील वासिंदला थांबला. मागण्यांच्या यादीत वनजमिनीचा हक्क तेव्हाही होताच. २०२४ मध्ये कळवणमधून गावित पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा नितीन पवारांकडून पराभूत झाले.