इफिसची समई

तुर्कस्तानातील इझमीर शहराच्या दक्षिणेस सुमारे 80 किलोमीटरवर सेल्चुक हे गाव आहे. नव्या करारातील इफिस नगरीचे अवशेष या गावाच्या शिवारात पसरलेले आहेत. संत पौलाने इफिसकरांना लिहिलेले पत्र मिस्साबलिदानात आपण वेळोवेळी ऐकतो. ते इफिस एकदा पाहावे, या ओढीने आम्ही तेथे गेलो.

सुमारे 25,000 प्रेक्षक सामावणारे भव्य प्रेक्षागृह अजून उभे आहे. पौलाच्या शिकवणीमुळे अर्तमी देवीच्या चांदीच्या देव्हाऱ्यांचा धंदा बुडेल, या भीतीने कारागिरांनी येथेच गोंधळ माजविला होता. त्या देवीचे मंदिर जगातील सात आश्चर्यांपैकी एक होते. आज तुकडे रचून उभारलेला त्याचा एकच खांब दिसतो आणि त्यावर करकोचे घरटे बांधतात. प्रेक्षागृहापासून निघणारा संगमरवरी रस्ता बंदराकडे जातो. पण बंदरच उरलेले नाही. नदीच्या गाळाने ते बुजले आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटला.

जवळच पवित्र मरियेच्या मंदिराच्या भिंती आहेत. इ. स. 431 मध्ये येथे धर्मपरिषद भरली. ख्रिस्त हा खरा देव व खरा मनुष्य, पण व्यक्ती एकच. म्हणून मरियेला 'देवमाता' म्हणणे योग्य आहे, असा तिने निर्वाळा दिला.

आयासुलुक टेकडीवर संत योहानाची कबर मानली जाते. तिच्यावर सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने महामंदिर बांधले. तेही आता भग्न आहे. डोंगरावरील मरियेच्या घराचा शोध 1891 मध्ये लागला. ते खरोखर तिचेच घर होते काय, यावर ख्रिस्तसभेने निर्णय दिलेला नाही. तरीही 1967, 1979 व 2006 साली तीन पोपमहोदयांनी तेथे प्रार्थना केली. मुस्लिम स्त्रियाही तेथे श्रद्धेने येतात.

परतीच्या वाटेवर आम्ही शिरिंजे या डोंगरातील खेड्यात थांबलो. शंभर वर्षांपूर्वी येथे ग्रीक ख्रिस्ती कुटुंबे राहत असत. 1922-23 मधील युद्ध आणि लोकसंख्येची अदलाबदल यांत त्यांना ग्रीसला जावे लागले. ग्रीसमधून घरदार सोडून आलेली मुस्लिम कुटुंबे त्यांच्या घरांत राहू लागली. दोन्हीकडच्या लोकांनी आपापली कबरस्थाने मागे ठेवली.

प्रकटीकरणाच्या ग्रंथात इफिसच्या ख्रिस्तसभेच्या चिकाटीची प्रशंसा आहे. परंतु पहिले प्रेम सोडल्याचा ठपकाही आहे, आणि पश्चात्ताप न केल्यास समई जागेवरून हलविली जाईल, असा इशारा आहे. इफिस ओसाड झाले ते केवळ तेथील भाविकांच्या दोषाने, असे आम्ही म्हणणार नाही. गाळ, युद्धे आणि राज्यकर्त्यांचे करार यांपुढे त्यांचे काय चालणार होते? तथापि संगमरवरी मंदिरे श्रद्धा राखू शकत नाहीत, हे तेथे डोळ्यांना दिसते.

आणि तरीही एक गोष्ट उरली आहे. इफिसच्या परिषदेने शिक्कामोर्तब केलेले देवमातेचे नाव आपल्या घरोघरी सायंकाळच्या रोझरीत आजही उच्चारले जाते. समई विझली नाही. ती माणसांच्या ओठांवरून पुढे गेली. आपल्या घरात ती तेवत राहील काय, याचे उत्तर इफिसच्या दगडांकडे नाही. ते आपल्यालाच द्यायचे आहे.